काचेची पट्टी

त्बिलिसीत, सोलोलाकीच्या चढावर आमचं चार मजली घर.
जिन्याच्या भिंतीला तडा गेलाय,
लिहिता लिहिता कुणाला झोप लागावी तसा वाकडा.
इंजिनिअरनं त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली,
बोटभर रुंद.
घर हललं तर तुटेल, म्हणाला.
तारीख मी लिहिली, सतरा नोव्हेंबर,
कारण वर्गणीची वही माझ्याकडे असते.

रविवारी अंगणात, बोडक्या तुतीखाली, बैठक.
दुरुस्ती म्हणजे लोखंडी तुळया,
आणि दोन महिने सगळं घर रिकामं.
ओतिया म्हणाला, शंभर वर्षं उभं आहे,
आपल्याआधी थोडंच पडतंय?
(तो घोड्यांवर पैसे लावतो, भिंतींवर नाही.)
लामाराला आधी छप्पर हवं.
तळमजल्यावरच्या गुरामला छप्पर माहीतच नाही,
त्याच्यापर्यंत येईतो पाऊस दमलेला असतो.
तोर्निके गप्प. एकोणीस वर्षांचं कर्ज,
भिंत पडली तरी हप्ता उभाच.
आणि एतेरी, सगळ्यांत मोठ्यानं:
घर गुडघे कसं टेकतं ते मी पाहिलंय,
तुम्ही नाही पाहिलं, म्हणून बघू बघू करता!

ठरलं: काच तुटली, तर काम.
सगळ्यांनी हात वर केले.
एतेरीनं दोन्ही.

हिवाळाभर पाव आणायला जाता-येता
मी काचेकडे बघायचो. शाबूत.
देवळासमोरून जाताना बघतात तसं,
न थांबता.

मार्चमध्ये जिन्यातला दिवा गेला,
म्हणून टॉर्च लावून वाकलो.
तारीख तीच.
पण मी सातच्या कमरेला आडवी रेघ मारतो,
आणि हा सात मोकळा होता,
जांभळ्या शाईत, नीटनेटका,
औषधाच्या बाटलीवर लिहावा तसा:
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.
पायरीच्या कोपऱ्यात
झाडूतून निसटलेली काचेची एक चिप.

तीस वर्षं एतेरी औषधांच्या दुकानात होती.

तिसऱ्या मजल्याचं दार किलकिलं होतं.
आत वाझा, खिडकीकडे तोंड करून,
तीन हिवाळे तसाच.
या अरुंद जिन्यानं त्याला खाली न्यायचं
तर डॉक्टर मान हलवतो.
किती मात्रेनं माणूस जगतो, किती मात्रेनं जातो,
हे तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

संध्याकाळी ती वर आली, आंबट आलुबुखारच्या चटणीची बाटली घेऊन.
पट्टी ठीक आहे ना?
मी म्हटलं, अजून तरी.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही,
बाटलीचं झाकण उगाच पुन्हा आवळलं.

रात्री वहीत लिहिलं: काच शाबूत.
मग पेन घेऊनच खाली उतरलो.
खालच्या वळणावर तोर्निकेची बाळगाडी,
तिच्यात एक लोकरी मोजा.
मी बराच वेळ तिथे उभा होतो.

मग वर येताना
त्या सातच्या कमरेतून
माझी रेघ ओढली.