बर्फ बोलत नाही

वेळापत्रकात आजपासून वसंत आहे.
खिडकीबाहेर नाही.
बाहेर उणे चार, पन्हळीला
माझ्या हाताएवढे बर्फाचे सुळे
आणि रेयो लाकडं फोडतोय,
मिशांवर सकाळ गोठवून घेतलेली.

सोमवारी ही शाळा, मंगळवारी तळ्यापलीकडची.
बुधवारी तिसरी होती, ती गेल्या शरदात बंद झाली.
तिच्या चाव्या अजून माझ्या गाडीत वाजतात,
कुठल्या पट्टीत ते कधी पाहिलं नाही.

संगीताच्या तासाला सहाजण.
बाकं भिंतीशी लोटली, मोजे काढायला लावले
(लोकरीचे मोजे फळ्यांवर घसरतात,
मागच्या वर्षी आल्पोचा दात त्यातच गेला,
तसा तो हलतच होता).

खेळ सोपा आहे.
दोघांनी हात गुंफून वर धरायचे: बर्फाचा पूल.
उरलेल्यांची रांग म्हणजे नदी.
नदीनं गात गात खालून जायचं:

    पाण्या पाण्या, निघालास कुठं?
    पुलाखालून समुद्राकडं.
    थांब थांब, बर्फ आहे!
    फोडून जाईन, धडाड् धड!

शेवटच्या 'धड'ला पूल कोसळतो.
सापडला तो बर्फ झाला,
त्यानं पुलामागं उभं राहायचं.
आणि बर्फ बोलत नाही.
गाणं फक्त पाण्याचं.

सूर दोनच, पंचम आणि गंधार,
कुठल्याही दारातून कुठलीही आई
जेवायला हाक मारते ते.
मांडीवरच्या कांतेलेवर मी ते लावून देते
आणि गप्प बसते.

केर्टू आणि ताइमी पूल झाल्या.
केर्टू उंच, ताइमी टाचा उचलून,
त्यामुळं पूल एका अंगाला कललेला.
पहिल्या 'धड'ला आल्पो गेला.
दुसऱ्याला सोहवी, पण वेणी पलीकडं निसटली होती,
तेव्हा वेणी पाणी की बर्फ यावर बराच वाद.
चार आवाजांचे तीन झाले,
तिनाचे दोन झाले,
आणि मला ऐकू आलं
की दोन नाहीत, एकच आहे.

ओइवा ओठ हलवतो.
दोन वर्षं हलवतोय.
मोठ्या आवाजात ते खपून जातं,
मीही खपू देते.

तिसरा 'धड'. विल्यामी सापडला.
नदीत ओइवा एकटा.

तो निघाला. ओठसुद्धा न हलवता.
पुलाखालून गेला, वळून परत आला,
परत गेला. पूल 'धड'ची वाट पाहत उभा.
धड येईना.
चौथी फेरी. पाचवी. अनवाणी पावलांचा
फट् फट् आवाज तेवढा, तोही ठेक्यात.
"रडीचा डाव," आल्पो पुटपुटला,
सोहवीनं त्याच्या तोंडावर हात दाबला: बर्फ!

मी नियम आठवून पाहिला.
गाणं संपल्याखेरीज पूल पडत नाही.
सुरूच झालं नाही तर काय,
हे मला ज्यांनी शिकवलं
त्यांनी सांगितलं नव्हतं.
ओइवाला मात्र ठाऊक होतं, गालात दिसत होतं ते.
इथलं तळं सबंध हिवाळा असंच वाहतं,
वर भोकं पाडून माणसं गळ टाकून बसतात,
खाली पाणी हूं की चूं करत नाही.

अकराव्या फेरीला केर्टूनं हात खाली घेतले.
"दुखतात," ती म्हणाली.
बर्फ बोलला.
मग सगळेच बोलले, एकदम, ओरडून,
कोण जिंकलं, कोण हरलं, मोजे कुणाचे,
ताइमी जमिनीवर बसून हसत सुटली,
आणि त्या कल्लोळात ओइवा
शेवटची एक फेरी मारून आला,
पूल नव्हता तरी
जरासा वाकून.

तास संपल्यावर वहीत लिहावं लागतं:
विद्यार्थी दोन सूर अचूक गातो का.
पाच नावांपुढं खुणा केल्या.
रेयो चुलीत लाकडं घालून गेला, दार उघडंच ठेवून,
मी उठून ते लावलं, परत बसले.
ओइवाच्या नावापुढं लिहिलं:
समुद्राला पोचला.
मुख्याध्यापक विचारतील. विचारोत.