बगलफुटवे

पेन्काचा गुडघा प्लास्टरमध्ये.
फळांच्या पेटीवर पाय टाकून
ती अंगणातून हुकूम सोडते:
"खोड आणि पान यांच्या बेचक्यात
उगवलंय ना, ते काढ.
ते नाही रे, ते फुलाचं. त्याखालचं.
दोन बोटांत धर आणि बाजूला मोड."

नेद्याल्को चाळीस वर्षं रेल्वेत
सांधे बदलत होता.
गाडी इकडे नाही तर तिकडे,
पण तू जाऊच नकोस, असं
कुठल्याच गाडीला म्हणाला नाही.
आणि हा वीतभर फुटवा, इतका टवटवीत,
गुन्हा काय, तर जागा चुकली.

"सगळं ठेवलंस तर हिवाळ्यात पाला खाशील!"
मारित्सेवरून वारा येतो.
कुंपणापलीकडे शेजारीण हसते.

मोडतो.
टच्.
बोटं आधी हिरवी, मग काळी,
साबणाला दाद देत नाहीत.
रात्री पाव तोडतानाही तोच उग्र वास.

तीन आठवड्यांनी रोपं
खुंट्यांना बांधलेली, एकदांडी,
मधून ऊन आरपार.
खालच्या घोसात मुठीएवढे टोमॅटो,
बुडाशी गुलाबी होऊ घातलेले.
पेन्का खूश. कुबडी टेकत आत येते,
शेजारणीला राकिया द्यायची म्हणून
पेले शोधते.

पेले खिडकीत. ओळीनं अकरा.
प्रत्येकात पाणी, पाण्यात एकेक फुटवा,
तळाशी पांढरी मुळं,
उसवलेल्या दोऱ्यासारखी.

ती बराच वेळ बोलत नाही.
"बारावा कुठाय?"

"धुऊन ठेवलाय," दारातून तो म्हणतो,
"तुझा आहे तो."