मे महिन्यात फूल मागू नये

खोब्रागडे सिस्टर बदलीवर गेल्या तेव्हा
चार्जमध्ये मला मिळाला वजनकाटा,
दोन व्हॅक्सिन कॅरिअर, एक बोथट कात्री,
आणि उपकेंद्राच्या मागे, पश्चिमेच्या भिंतीला
यादीत नसलेला गुलाब.

केसपेपरच्या पाठीवर त्यांचं अक्षर:
'पानी पहाटंच, बुडाले.
खत देऊ नको. तापानं फणफणल्या माणसाले
कोनी पुरनपोळी चारते का?
कलमाच्या खालून फुटंल ते रानटी, तोड.
अन कळ्या खुडून टाक, दिसली का खुड.
मे मयन्यात झाडाले फूल मांगू नये.'

बाकी सगळं केलं.
बुडाशी धानाची तणीस अंथरली चार बोटं,
पाझरत्या रांजणाखाली गंज ठेवला,
फाटकी मच्छरदाणी बांबूंवर ताणली.
पान उलटं करून बघायला शिकले,
बायांची खालची पापणी ओढून
रक्त बघते तसं.
तिथं लाल कोळी होते,
तिखटाचे कण, चालणारे.

फ्रीजच्या रजिस्टरात दोनदा तापमान लिहायचं असतं.
आत चार अंश.
बाहेरचं कोणी विचारत नाही;
मी समासात लिहिते, सत्तेचाळीस.

कळी तेवढी राहू दिली.
एकच तर होती. टोकाला लाल दोरा सुटलेला.
वाटलं, बघू.

मग दहाच्या उन्हात चालत आली
सुरेखा कुमरे, आठवा महिना, हिमोग्लोबिन सात.
मी दटावलं. ओझं नाही, जंगल नाही,
महिनाभर तेंदूपत्ता नाही.
ती पदरानं मान पुसत हसली.
'बाई, तेंदू मे मयन्यातच असते.'

गोळ्या मोजून दिल्या. रांजणातलं पाणी दिलं.
ती फाटकाबाहेर जाईपर्यंत
खिडकीशी उभी राहिले,
आणि मागं जाऊन कळी खुडली.

हातात गरम लागली,
कपाळाला लागतं तसं.
कुठं ठेवावी कळेना.
फ्रीजमध्ये लसीशिवाय काही ठेवायचं नसतं.
ॲप्रनच्या खिशात राहिली,
संध्याकाळपर्यंत थर्मामीटरला घासत.

पहाटे गंज अर्धा भरला होता.
खुडल्या जागेखाली बोटानं चाचपलं,
एक डोळा होता, बहुतेक.
अंधारात नीट दिसलं नाही.
पाणी बुडाशीच ओतलं.