बोरीचा पूल, पावणेसहा

मडगावहून सुटलेला मासळीचा टेंपो
मला पुलाच्या तोंडाशी गाठतो.
मी वाटच बघत असतो.
मागच्या फळीपासून हातभर अंतर राखायचं;
समोरचा वारा सगळा तो खातो,
मला उरतं बांगड्यांचं पाणी,
टायरवर, चष्म्यावर, दातांवर.

सेहेचाळीस. अठ्ठेचाळीस.
खाली जुवारी अजून काळीच.
सुकूर आरशातून बोट नाचवतो:
मरशील रे, पाणीखात्या!

मग चढ.
टेंपो कण्हतो, दुसऱ्या गिअरवर येतो,
आणि मी त्याच्या पाठीतून निसटतो
उभा राहून, दात खात,
जणू मागे अख्खी शर्यत लागली आहे.

खरी शर्यत फेब्रुवारीत झाली.
एक्केचाळिसांत सदतिसावा.
तो नंबर फ्रिजवर आहे, गॅसच्या पावतीखाली.
सुलक्षा म्हणते, रोज अंगाला बांगड्यांचा वास,
आणि पिशवीत एक बांगडा नाही.

नऊला काउंटर. बिलं, सुट्टे पैसे, शिक्का.
टेबलाखाली पाय फिरतच असतात.

आज फोंड्याच्या बाजारात सुकूर बर्फ उतरवत होता.
मान वर न करता म्हणाला,
काल खुरसापाशी पुढं गेलास,
आज फणसापाशीच.