विनंती थांबा

दहावीच्या सुट्टीत सुरू केलेली कादंबरी
अकरावीच्या दिवाळीत अडली.
कारण सरळ आहे: विभावरी चौथ्याच प्रकरणात मेली
आणि वहीत अजून नऊ प्रकरणं
आधीच आखून ठेवलेली,
प्रत्येकी बरोबर बारा पानांची,
लाल शाईच्या चौकटीत आकडा घालून.

बाराच का, ते आता सांगता येणार नाही.
दोनशे पानी वहीचा काहीतरी हिशेब असेल.
तिसरं प्रकरण अकरा पानांत संपलं तेव्हा
बारावं भरावं म्हणून मी विभावरीला
तापीच्या पुलाचे खांब मोजायला लावले होते.

आप्पा अमळनेर आगारात वाहक.
घरी आले की आधी पाय धुतात, मग कॉटवर बसून
सुट्या नाण्यांच्या थप्प्या लावतात.
त्यांच्या जुन्या वेबिलांच्या कोऱ्या बाजूवर
माझा कच्चा खर्डा.
एकीकडे विभावरीचा शेवटचा श्वास,
उलटीकडे: पूर्ण एकोणीस, अर्धे चार, सामान नग एक.

एका रात्री त्यांनी चुकून माझी बाजू वाचली.
श्वासाबद्दल काही बोलले नाहीत.
लाल चौकटींवर बोट फिरवत म्हणाले,
"हाई सम्दं सारखंच काबरं?"

म्हटलं, तुमचा टप्पा नाही का सहा किलोमीटरचा?
गाव असो नसो, सहा झाले की टप्पा.

"टप्पा भाडासाठे ऱ्हास.
गाडी जठे मानूस उभा शे तठे थांबस."

रविवारी त्यांच्याबरोबर चोपड्याला गेले.
पुढच्या सीटवर, मांडीवर वही.
एक टोला: थांब. दोन टोले: चल.
यासीनभाई आरशात न बघताच
माणूस पायरीवर आहे की आत, ते ओळखायचे.
एका थांब्यावर बावीस जण चढले, त्यात एक वरात
आणि त्या वरातीतलं भांडण.
पुढच्यावर कोणीच नाही. तरी गाडी थांबली,
धूळ आत आली, दोन टोले.

पूल ओलांडल्यावर, केळीच्या पानांत अर्धी बुडालेली
पत्र्याची पाटी: विनंती थांबा.
एक म्हातारा उठला.
कडेवर पोर घ्यावं तसं
शिलाई मशीनचं डोकं घेतलेलं,
जुन्या लुगड्यात गुंडाळून.
आजूबाजूला गाव नाही, घर नाही,
पायवाटसुद्धा मला दिसली नाही.
तो उतरला आणि केळीत शिरला.
मिनिटभरसुद्धा नसेल.

चोपडा येईपर्यंत मी मागे वळून बघत होते.
आप्पांना विचारलं, कोण होता?
ते मशीनमधून तिकीट फाडत होते, म्हणाले,
उतरला ना बाई.

विभावरीला मी जिवंत केलं नाही.
मोह झाला, दोनदा. एकदा तर
डॉक्टरचंच चुकलं होतं असं लिहूनही पाहिलं
आणि मला माझीच लाज वाटली.
जिथे उतरली तिथे उतरली.
पण गाडी थोडीच रिकामी झाली?
मागच्या सीटवर तिची धाकटी बहीण होती, छबू,
पहिल्या पानापासून बसलेली,
तिला मी तिकीटच दिलं नव्हतं.

आता एक प्रकरण एकतीस पानांचं आहे,
त्यात वरात आहे.
एक दीड पानाचं.
सातव्याला अजून नाव नाही,
आणि खांबांचं पान फाडलं
तेव्हा मागचं वेबिलही फाटलं,
सत्तावीस रुपयांचा हिशेब गेला.

शेवट कुठे, ते ठाऊक नाही.
आप्पांना मुक्कामी गाडी असली की
ते कुठल्यातरी गावात, पाराशेजारी,
सीटवर पाय मुडपून झोपतात,
आणि सकाळी पहिला प्रवासी काचेवर टकटक करतो.
असं काहीतरी असावं.

रोज रात्री थप्पी लावताना
माझ्याकडे न बघता विचारतात,
"कोठे पोचनी?"

"पुलावर," मी म्हणते.