भोपळ्याचे कान

जुन्या वर्तमानपत्रावर भोपळा.
देठासकट टोपी उडवली.
सिग्ने हात घालायला तयार नाही,
ऑरिन मात्र कोपरापर्यंत आत:
"बाबा, याच्या पोटात केस आहेत!"

बिया बाजूला, मीठ लावून भाजायला.
डोळे मी कोरले. नाक. दात
ऑरिनने मोजून सांगितले, सात.

मग सिग्ने म्हणाली, आणि कान?
भोपळ्याला कान नसतात गं.
मग दार वाजलेलं त्याला कळणार कसं?

सुरी बोथट, साल चिवट,
बाहेर डुलुथचा पहिला बर्फ भुरभुरत होता.
कोरले. दोन. वेडेवाकडे.

रात्री पायरीवर मेणबत्ती पेटवली.
चेहरा रस्त्याकडे बघून हसत होता
आणि डाव्या कानातून सांडलेला उजेड
शेजारच्या हॅल्व्हरसनबाईंच्या उंबऱ्याशी.
त्यांनी यंदा दिवा लावला नव्हता.