उरलेलं बी

येळ्ळूरच्या शिवारात भात कापून झालं,
काळी माती अजून ओली, टाच रुतेल एवढी.
मसूर पेरायला चार दिवस हातात.
पाचव्या दिवशी हीच माती भेगाळेल,
मग बी कितीही चांगलं असो.

अंगणात पोतं उसवून पसरलंय
त्यावर दोन पायल्या मसूर,
आणि माझ्या हातात रयत संपर्क केंद्रातली पुडी.
अक्षरं कानडी, मुंगीच्या पायाएवढी.
मी आडनावापुरतं कानडी वाचतो,
आणि बसचा बोर्ड.

नीलव्वा बैलहोंगलची.
चुलीपुढून उठली, पुडी उजेडात धरली,
वाचत गेली आणि मराठीत सांगत गेली:
किलोला तीन ग्रॅम. हात झाकायचे.
वाळवायचं सावलीत. पोरांपासून लांब ठेवायचं.
दोन शब्द मात्र तिनं तसेच ठेवले,
बीज आणि विष.
याचं काय सांगू, म्हणाली,
तुमच्यात नि आमच्यात एकच की.

तेलाचा रिकामा डबा, त्यात बी, त्यात पूड,
जरासं पाणी. झाकण लावून
आम्ही तो अंगणभर लोळवला
या टोकाकडून मी, त्या टोकाकडून ती,
हाताला दुधाच्या पिशव्या बांधलेल्या.
उघडला तर आत सगळं गुलाबी,
अक्षतांना कुंकू लावावं तसं.
वाळलं की मग जिवाणूचं पाकीट, गुळाच्या पाण्यातून.
आधी मारणारं, मागनं जगणारं.
क्रम चुकवू नका, केंद्रातल्या पोरानं दोनदा बजावलं होतं.

आमचा बा, लुमाण्णा, बियाला राख चोळायचा.
किडा लागायचा नाही, ते खरं.
पण रोपं वीतभर झाली की
वाफ्यात एकेक मान टाकायची,
उपटून बघावं तर मूळ काळं.
एका साली अर्धं रान तसं गेलं.
भुईनं तिचा वाटा घेतला, एवढंच म्हणाला बा
आणि बिडी शोधत बसला.
मी वाटा देत नाही.
तीन सालं झाली, रान भरलेलं असतं.

पण पेरणीच्या संध्याकाळी
आई ओटीतलं उरलेलं बी पातेल्यात झाडायची,
लसूण ठेचून आमटी करायची,
पातळ, गल्लीला पुरेल अशी.
ओटीत राहिलेलं घरात खायचं, असा नेम.

यंदा दीड मूठ उरलं.
गुलाबी. हातात घेतलं तर सुंदर दिसतं.
नीलव्वानं परड्यात, कुंपणाच्या बुडाला,
कोपरभर खड्डा काढला,
कोंबड्या उकरतील म्हणून वर दगड ठेवला.

शेजारची सत्यव्वा गडग्यावरून डोकावली,
काय पुरूलालीस गं?
बी, काकू.
बी पुरूलालीस? मग उगवणार की!
दोघी हसल्या. नीलव्वानं साबणानं तीनदा हात धुतले,
तरी नखांच्या कडेला रंग राहिला,
भाकरी त्या दिवशी मीच थापली. वेडीवाकडी.

अठरा दिवसांनी दगडाच्या कडेनं
मसुरीचा झुबका वर आला,
रानातल्यापेक्षा दाट, तकतकीत,
एकाही पानाला डाग नाही.
शेळी तिकडे मान वळवून बघत होती.
मी तिचं दावं आखूड केलं.